रविताने सांगितलेले दिवस

गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५. पहाटे ३.४० ला रविताच्या खोलीत दिवा. थंडी वाढली, दुलया काढल्या. ५.५५ ला दूध. नळ २५ मिनिटं. टिकेशची दुसरी पाळी, पाऊण वाजता निघाला. वांग्याची भाजी, वरण. रविताचं ताट दुपारी झाकलेलं तसंच राहिलं. चार वाजता ती फोन घेऊन गच्चीवर गेली, पाच वाजून दहा मिनिटांनी खाली आली. डोळे सुजलेले. विचारलं नाही.

ही नोंद सुमित्राबाई पटल्यांची. जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना नन्सनी त्यांना रोज झोपण्याआधी दिवसाच्या चार ओळी लिहायला लावल्या होत्या. ती सवय लग्न होऊन गोंदियाला आल्यावर सुटली नाही आणि नवरा गेल्यावरही सुटली नाही. आता वय चौऱ्याहत्तर. वहीत त्यांचं स्वतःचं मत सहसा नसे. काय झालं आणि किती वाजता, एवढंच.

पण त्या गुरुवारी जे खरं घडलं ते वहीत नाही, कारण ते वरच्या खोलीत घडलं, त्यांच्या सुनेच्या फोनवर.

रविता एकतीस वर्षांची. नागपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी ती गोंदियालगतच्या फुलचूरच्या घरातूनच काम करायची. कंपनी राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवायची: धानाचे ट्रक आत येतात त्यांची नोंद, धर्मकाट्यावरचं वजन, पोत्यांचा किती बारदाना गेला आणि किती परत आला, अशी सगळी कामं. सव्वा वाजता ती जेवायला उठणार तोच तिच्या वरिष्ठांचा, भुपेंद्र सरांचा फोन आला.

"रविता मॅडम, जेवलात?"

"बसतच होते सर."

"मग ऐकूनच बसा. हिमांशूला महिनाअखेर सोडतोय."

"काऊन?" तिच्या तोंडून माहेरची बोलीच निघाली. "म्हणजे... का सर?"

"स्लो है यार. बारदान्याच्या कामाला त्याने बारा दिवस सांगितले आणि बाराच लावले. काट्याचं काम त्याच्याहून अवघड, ते तुम्ही पाच दिवसांत दिलं. माझ्याकडे तीन वर्षांची शीट आहे. तुम्ही जितके दिवस म्हणता तितक्यातच देता, एकदाही चुकला नाहीत. वरचे लोक तोच कागद पुढ्यात घेऊन बसलेत. म्हणतात, एक बाई घरी बसून पाच दिवसांत करते, मग हा बारा दिवस काय भजन करतो? मी काय उत्तर देऊ?"

रविताने लॅपटॉप अर्धा मिटला.

"वाईट नका वाटून घेऊ. तुमची तारीफच आहे ही."

फोन बंद झाल्यावर तिने खाली जाऊन वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. तो कागद खोटा होता. त्यातली तिच्या नावाची एकही ओळ खरी नव्हती, आणि हे साऱ्या जगात तिला एकटीला माहीत होतं.

रविता तिरोड्याजवळच्या एका गावातली. घर शेतकऱ्याचं, माणसांनी भरलेलं. बाहेर पाहुणे बसले की बाबा आत आवाज द्यायचे, "किती वेळ आहे?" आणि आतून आई म्हणायची, "झालंच!" तेव्हा तांदूळ धुवायचे असत, कधी चूलही पेटलेली नसे. पण "तासभर लागेल" असं त्या घरात कोणत्याच बाईने कधी म्हटलं नाही. तासभर म्हणणं म्हणजे आपल्याच्याने होत नाही असं म्हणणं. मग आई, काकू आणि थोरली वहिनी दातओठ खात हात चालवत, आणि पाहुण्यांना वाटे, काय झपाटा आहे या घरातल्या बायांचा! रविता इंजिनिअर झाली, संगणकाच्या दोन-तीन भाषा शिकली, पण "किती वेळ?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर एकच होतं.

कंपनीत दर कामाआधी अंदाजाची बैठक व्हायची. चौघेजण कॅमेऱ्यासमोर बसत: नागपूरहून भुपेंद्र सर आणि चंचल, फुलचूरहून रविता, चिचगडहून हिमांशू. काम वाचून दाखवलं की प्रत्येकाने मनातले दिवस एका कार्डावर लिहायचे आणि सरांनी "दिखाओ" म्हटलं की एकदम वर धरायचे. दुसऱ्याचा आकडा पाहून कोणी आपला बदलू नये म्हणून ही पद्धत. रविताने जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली होती. काम ज्याच्या वाट्याचं, त्याचा आकडा सर लिहून घ्यायचे. रविताचा नेहमी सगळ्यात लहान निघायचा.

ती मुद्दाम खोटं बोलत नव्हती. ती फक्त कोड लिहायला लागणारे दिवस धरायची. काट्याचं जुनं यंत्र वजनाऐवजी भलतेच आकडे पाठवतं, मिलचा मुनीम तीन दिवस फोन उचलत नाही, एक चूक काढली की तिच्यामागून दोन निघतात, यातलं काही तिच्या आकड्यात नसायचं. पहिल्याच कामाला तिने पाच दिवस सांगितले आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हे पाचात होत नाही. तेव्हा सरांना सांगता आलं असतं. त्याऐवजी तिने साडेतीनचा गजर लावला.

मग तेच सुरू राहिलं. पहाटे चार तास, संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर दोन, आणि रविवार अख्खा. पुढेपुढे तिने एक खुबीही शोधली. नवं काम शक्यतो गुरुवार-शुक्रवारी हाती घ्यायचं, म्हणजे मधे रविवार येतो आणि तो कोणी मोजत नाही. पहाटे लिहिलेलं ती तेव्हाच कंपनीच्या यंत्रणेत चढवायची नाही, नऊनंतर चढवायची, म्हणजे वेळ दिसू नये. टाइमशीटमध्ये सांगितलेले दिवस तंतोतंत भरायची. पाठीला पट्टा आला. नवरा टिकेश म्हणायचा, "काऊन वं, कंपनी का तुह्या नावावर करून देऊन राहिली?" ती हसून घ्यायची. तीन वर्षं तिला वाटत होतं की याची झळ लागते ती फक्त आपल्या पाठीला.

चार वाजता हिमांशूचाच फोन आला. त्याला कळवलं होतं. रविता गच्चीवर गेली.

"ताई, एक विचारू? तुम्ही कोणत्या चक्कीचा आटा खाऊन राहिल्या? मलेही पत्ता द्या त्या चक्कीचा." तो हसला आणि मधेच थांबला. "सर म्हणत होते, रविताकडून शिक. मी काल तुमचं काट्याचं सगळं काम उघडून पाहिलं. रातभर वाचत बसलो. मले नाही समजलं ताई, हे पाच दिवसांत कसं झालं. माझं डोकंच तेवढं नाही बहुतेक."

"असं नको रे म्हणू."

"मंग का म्हणू? खुशीची नर्सची नोकरी इथल्या सरकारी दवाखान्यात. तिची बदली होत नाही, अन् चिचगडात बसून मले दुसरं कोण काम देते? पुण्याला गेलो तर ती इकडं, मी तिकडं. सहा महिन्यांची पोर आहे माझी."

तेव्हाच सांगायचं होतं. पण तिने फक्त "बघते मी काहीतरी" म्हटलं आणि गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली. समोर कोणाच्या तरी शेतात धानाची मळणी चालली होती आणि त्या मशीनच्या आवाजात तिला मोठ्याने रडता आलं.

आता हे सरांना पटवायचं कसं? शीट तिच्याविरुद्ध होती. यंत्रणेतल्या वेळा तिनेच पुसल्यासारख्या करून ठेवल्या होत्या. तीन वर्षांचं खोटं इतकं नीट बसवलेलं की त्यात कुठे फट नव्हती. शुक्रवारी दुपारी ती खाली आली. सुमित्राबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, तुमच्या वह्यांत माझं काही लिहिलेलं असते का?"

"तुझं नाही. दिव्याचं असतं."

"म्हणजे?"

"तुझ्या खोलीचा उजेड माझ्या खिडकीतून अंगणात पडलेला दिसतो. मला साडेतीनला जाग येतेच. किती वाजता लागला, किती वाजता तू खाली आलीस. रविवारी दार किती वेळ बंद. एवढंच लिहिते."

"तीन वर्षांचं आहे?"

"लग्न होऊन आलीस त्या दिवसापासूनचं आहे." सुमित्राबाईंनी सूप खाली ठेवलं. "कशाला हवंय?"

रविताने सगळं सांगितलं. सांगताना ती एकदाही थांबली नाही, जणू थांबली तर पुढचं निघणार नाही. शेवटी सुमित्राबाई उठल्या, कपाटातून सहा वह्या काढल्या आणि चष्मा पुसला.

"तू कामाचं नाव आणि तारखा सांग. मी वेळा वाचते."

शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ दोघी जमिनीवर बसून होत्या. सुमित्राबाई त्यांच्या स्पष्ट, शाळेतल्यासारख्या आवाजात वाचत, "चार तारीख, तीन पस्तीस ते सात चाळीस," आणि रविता मांडत जाई. हे तास ऑफिसच्या तासांत मिळवायचे, आठने भागायचे. पाच दिवस सांगितलेल्या कामाचे दहा निघाले. तीनचे सात. आठचे सतरा. बेचाळीस कामं तपासली, त्यांतलं एकही सांगितल्या दिवसांत झालेलं नव्हतं. जवळपास प्रत्येक ठिकाणी दुप्पट किंवा त्याहून जास्त.

"आई, तुम्हाला इतकी वर्षं दिसत होतं. एकदा तरी विचारायचं."

सुमित्राबाईंनी वहीत बोट ठेवून ती मिटली. "मला वाटलं, तुझ्या कामाची पद्धतच तशी असेल. आणि सुनेला सासूने विचारलं, इतक्या लवकर का उठतेस, तर ती काय उत्तर देते ते मला माहीत आहे. मीही सूनच होते." चष्मा काढत त्या म्हणाल्या, "विचारायला हवं होतं. चुकलंच."

शनिवारी अकरा वाजता रविताने सरांना फोन लावला. तिने गजर सांगितला, रविवार सांगितले, नऊनंतर काम चढवायची गोष्ट सांगितली. हिमांशूचे बारा दिवस खरे आहेत, माझे पाच खोटे, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मग भुपेंद्र म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही आत्ता सांगून राहिल्या?"

"चुकलं सर."

"चुकलं काय? जानेवारीपर्यंतचं सगळं काम मी तुमच्या आकड्यांवर मिलवाल्यांना कबूल करून बसलोय. आता जाऊन त्यांना काय सांगू? आमची बाई पहाटे उठत होती म्हणून?"

"माझ्याकडे नोंद आहे. सासूबाईंच्या वहीत रोजच्या वेळा आहेत. फोटो पाठवते."

"सासूच्या डायरीवर मी डायरेक्टरशी बोलू?" ते हसले, पण त्या हसण्यात राग नव्हता, थकवा होता. "बघा, मी वाईट माणूस नाही. सोमवारी पुढच्या कामाची बैठक आहे. सगळ्यांनी खरे दिवस दाखवा. तुम्हीही मोठा आकडा दाखवलात तर वरच्यांना सांगता येईल की कामच तेवढं आहे, हिमांशू स्लो नाही. मग त्याचं थांबवता येईल. याहून जास्त माझ्या हातात नाही."

रविताला वाटलं, वाट सापडली. रविवारी तिने लॅपटॉप उघडला नाही. हिमांशूला फोन करून सगळं सांगितलं, अगदी वहीतल्या वेळांसकट.

"म्हणजे ताई, तुमचं डोकं बी आपल्यासारखंच आहे?"

"अगदी तुझ्यासारखंच."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं. उद्या घाबरू नकोस. मी ते काम मोजून ठेवलंय, सतरा दिवसांचं आहे. मी सतरा दाखवणार. तुला जे खरं वाटेल ते दाखव."

"हो ताई," तो म्हणाला.

सोमवारी दहा वाजता चौघे पडद्यावर आले. काम हिमांशूच्या वाट्याचं होतं: मिलमध्ये रोज धान किती आला आणि त्यातून अख्खा तांदूळ, तुटकी कनकी, कोंडा किती निघाला हे जुळवून दाखवण्याचं. सरांनी ते वाचलं. रविताने लग्नपत्रिकेच्या पाठीमागे एक आणि सात लिहिलं. इतका मोठा आकडा तिने आयुष्यात पहिल्यांदा लिहिला होता.

"दिखाओ."

तिने कार्ड वर धरलं. चंचलचे पंधरा होते. हिमांशूने कार्ड कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की त्याचा चेहराच झाकला गेला. कार्डावर सहा होते.

"सहा?" सर पुढे वाकले. "ये हुई ना बात! बोल, कसं करणार?"

"होऊन जाईल सर."

"आज सोमवार. शनिवारी संध्याकाळी हवं, रविवारी मिलवाल्यांपुढे ठेवायचं. पक्कं?"

"पक्कं सर."

"सर," रविता म्हणाली, "ते सहात होणार नाही. मी..."

"मॅडम, करणारा म्हणतो होते, तुम्ही म्हणता होत नाही. आता मी कोणाचं ऐकू?" त्यांनी आकडा लिहून घेतला. "हिमांशू, हे झालं तर मी वर बोलतो. तू राहतोस."

बैठक संपताच तिने त्याला फोन लावला.

"रागावल्या, ताई?"

"सहा, हिमांशू? मी तुला सगळं सांगितलं होतं ना रे?"

"सांगितलं, म्हणून तर दाखवले. मले वाटे, तुमचं डोकंच तसं, आपल्याच्यानं होत नाही. तुम्ही म्हणाल्या डोकं नाही, पहाट आहे. ते तर मीही करू शकतो."

"मी तुला ते करायला नव्हतं सांगितलं."

"मंग कायले सांगितलं?"

खिडकीबाहेर कोणीतरी धानाची पोती ट्रॅक्टरवर चढवत होतं, दोन माणसांच्या हाकांमध्ये एक-एक पोतं वर जात होतं.

"पहाटे इथं नेट भारी चालते ताई, सारे झोपले राहतात," हिमांशू सांगत होता. आवाजात उत्साह आणायचा प्रयत्न होता. "पोरीसाठी तसंही उठाच लागते."

"तू सोमवारपासून धरलंस," ती म्हणाली. तिचं डोकं आपोआप हिशोब करायला लागलं होतं. "सोम ते शनि. मधे रविवार येत नाही. रोज चौदा तास बसलास तरी साडेदहा दिवसांचं काम होते. काम सतराचं आहे. साडेसहा दिवस कुठून आणशील?"

हा भाग त्याने धरलाच नव्हता.

"मी आत्ता सरांना सांगते."

"नका ताई, हात जोडतो. एकदा सांगून पाहिलं ना तुम्ही? का झालं? आता मी सहा म्हटलं तं सहाच राहू द्या. नाही झोपणार."

"सहा दिवस कोणी जागा राहते का, वेड्या?"

"राहतो मी."

मागे त्याची पोर रडायला लागली, आणि बायकोला "आलो" म्हणताना त्याने फोनवर हात ठेवला. तेवढ्या वेळात रविताने कॅलेंडरकडे पाहिलं. साडेसहा दिवस म्हणजे बावन्न तास. तिची स्वतःची कामं होतीच. शनिवारपर्यंत पहाटेचे चार, संध्याकाळचे दोन, पाच दिवस. तीस होत होते. उरलेले बावीस कुठेतरी काढावे लागणार होते.

"हिमांशू."

"बोला."

"तांदूळ आणि कनकी जुळवण्याचा भाग मला पाठव. तो सगळ्यात अवघड आहे. कोणाला सांगू नकोस."

"ताई, नका..."

"पाठव म्हटलं ना."

ती खाली आली तेव्हा अडीच वाजले होते. सुमित्राबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"वाचली का गं त्याची नोकरी?"

"वाचली. उद्यापासून पुन्हा साडेतीनचा गजर," रविता म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली. पाठीचा पट्टा वर खुंटीला होता, तो आणायला उठायचं त्राण तिच्यात नव्हतं.

त्या रात्री सुमित्राबाईंनी तारीख घातली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. मग रविताचं काही न लिहिता एवढंच लिहिलं:

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. गॅसचं सिलिंडर दुपारी २.२० ला संपलं. बेचाळीस दिवस चाललं. नवं लावलं.